सोमवारचा प्रसेनजित

गहिनीनाथ लगडांच्या ऑफिसात येणारी माणसं आधी जिन्यात अडकतात. खाली रसवंतीगृह, वर 'खासगी चौकशी' अशी पाटी. मंडळी रस पितात, तोंड पुसतात, ओळखीचं कोणी नाही ना हे बघतात आणि मग चोरासारखी वर चढतात. नगरसारख्या गावात गुप्तहेराकडे जायचं म्हणजे घरात काहीतरी नासलंय हे कबूल करण्यासारखंच. एरवी लगडांचं बहुतेक काम लग्नाआधीच्या चौकशीचं. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे काही होतं का, एवढंच.

१९९९ सालच्या डिसेंबरात आलेली बाई मात्र जिन्यात इतका वेळ उभी राहिली की कानिफनाथला खाली जावं लागलं. कानिफनाथ हा लगडांचा काष्टी गावातला बालमित्र, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. डोकं जरा सावकाश चालतं, पण माणूस लाखमोलाचा. "वर या ताई," तो म्हणाला, "आमी काय पोलीस न्हाई."

बाईचं नाव वृषाली भिंगारदिवे. वय चौतिशीचं, नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. घरी आई बनाबाई, धाकटा भाऊ महेंद्र आणि भावजय सायली. वडील रंगनाथ वारले तेव्हापासून घर हिच्या पगारावर उभं होतं. एवढं सगळं तिनं घडाघडा सांगितलं आणि मुद्द्यावर येताच मान खाली घातली.

मुद्दा असा. सावेडीत हनुमंत नावाच्या माणसानं सायबर कॅफे काढला होता. कॉम्प्युटरवर आपण लिहायचं आणि जगात कुठेतरी बसलेल्या माणसानं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, ही तेव्हा मोठी नवलाई. ग्रंथालयातल्या आरतीनं तिला ते शिकवलं. मराठी माणसांच्या गप्पांत एप्रिल महिन्यात तिला प्रसेनजित भेटला. न्यू जर्सीत इंजिनिअर, आपल्याच समाजाचा, अविवाहित. तेव्हापासून दर आठवड्याला संध्याकाळी दोघं बोलत होते. लग्न करू म्हणाला होता. मे महिन्यात येणार होता, मग दसऱ्याला येणार होता, आता म्हणतो बुद्धपौर्णिमेला.

"पैसे मागितले?" लगडांनी विचारलं.

तिनं मान हलवली. पैसे नाहीत, फोटो नाही, काही वावगं बोलणं नाही. फोन नंबर मात्र देत नाही.

"मग आत्ताच माझ्याकडे का आलात?"

कारण रविवारी अकोल्याचे ओहोळ सर येणार होते. विधुर शिक्षक, सरळ माणूस, दिवाळीनंतर त्यांचं स्थळ आलं होतं. रविवारी त्यांना हो की नाही ते सांगायचं होतं. याआधी दोन स्थळं तिनं प्रसेनजितपायी नाकारली होती. हे तिसरं, आणि आता चौथं येईल असं तिला वाटत नव्हतं. ओहोळ सरांचं सांगितलं तर प्रसेनजितनं लिहिलं, घाई करू नकोस, माझ्यासाठी थांब.

"मला लाज वाटते हो," ती म्हणाली. "ह्या वयात मी पडद्यावरच्या अक्षरांशी संसार मांडून बसले. पण तो खरा असेल तर? परवाच त्यानं लिहिलं, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत तू कशी दिसशील ते डोळ्यांसमोर येतं. आमच्यात लग्नाला पांढरी साडी असते. परका माणूस असं लिहील का?"

लगडांनी कानाची पाळी चोळली. कोणत्या वारी भेटता, असं त्यांनी विचारलं. आधी गुरुवारी भेटायचो, ती म्हणाली, दसऱ्यानंतर सोमवारी. त्याच्या ऑफिसातलं काम बदललं म्हणे. रविवारी तो कधीच नसतो.

घरात कळू द्यायचं नाही एवढं वचन घेऊन ती गेली. जिना उतरतानाही तिनं तोंडावर पदर धरला होता.

कानिफनाथचा संशय थेट हनुमंतावर. ताशी भाडं घेतो, गिऱ्हाईक टिकवायला हाच पडद्याआडून गोडगोड लिहीत असणार. दोघं सावेडीत गेले. प्लायवूडचे खोके, त्यांना पडदे, आणि दाराशी काउंटरवर हनुमंत. विचारल्यावर तो गोरामोरा झाला. एकदा त्या मॅडमच्या खांद्यावरून वाचलं होतं, असं त्यानं कबूल केलं, पण एकदाच. गुरुवारी तो कॅफेतच असायचा, फक्त पावसाळ्यात एका गुरुवारी त्याची टेलिफोन लाईन मेली होती तेव्हा तो दुपारपासून रात्रीपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये भांडत बसला होता. एक्स्चेंजमधल्या साहेबांनी ते दातओठ खात खरं असल्याचं सांगितलं. ते भांडण ते विसरले नव्हते.

आरतीची गाठ कॉलेजच्या कँटीनमध्ये पडली. चुणचुणीत पोरगी, पण प्रसेनजितचं नाव निघताच बांगडी फिरवायला लागली. स्टाफरूममध्ये वृषालीताईंच्या अमेरिकेवरून तिनं थट्टा केली होती, त्याची तिला आता लाज वाटत होती. हनुमंताची लाईन मेली त्याच संध्याकाळी ती ताईंना कॉलेजजवळच्या दुसऱ्या कॅफेत घेऊन गेली होती. दोघी एकाच बाकावर बसल्या आणि तिच्यादेखत प्रसेनजितची उत्तरं धडाधड येत होती.

"मग हनुमंतबी न्हाई आन् ही पोरबी न्हाई," बाहेर आल्यावर कानिफनाथ म्हणाला. "त्यो ओहोळ मास्तरच आसंल. बाईची परीक्षा घेतोय."

"मास्तरांचं स्थळ दिवाळीनंतर आलं," लगड म्हणाले. "प्रसेनजित एप्रिलपासून आहे. चल, ताई कॉलेजात आहेत तोवर भिंगारदिव्यांकडे जाऊ."

घरी जायला बहाणा हवा होता आणि तो लगडांच्या धंद्यातच होता. ओहोळ सरांच्या बाजूनं चौकशीला आलोय, एवढं म्हटलं की कोणत्याही घराचं दार उघडतं. कानिफनाथला ते पटलं नाही. म्हातारीच्या हातचा चहा खोटं बोलून प्यायचा हे त्याला जडच गेलं.

बनाबाईंनी जयभीम घातला, सतरंजी अंथरली आणि लेकीचं कौतुक सुरू केलं. सायली चहा घेऊन आली. मंडळी नवरदेवाकडची म्हटल्यावर तीही नवऱ्याची बाजू मांडायला पुढे सरली. महेंद्र एमआयडीसीत आहे, नुसता बसून राहणारा नाही, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जातो. घरी येऊन आज काय शिकलो ते सांगत असतो. सुट्टी कधी असते, असं लगडांनी सहज विचारलं.

"सोमवारी," सायली म्हणाली. "आधी गुरुवार होता. विजेसाठी कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून देतात ना, दसऱ्याला वार बदलला. सरांनी क्लासपण सोमवारी करून दिला, बरं झालं. रविवारी तर त्यांना कामावरच जावं लागतं."

लगड पुन्हा कानाची पाळी चोळायला लागले.

तेवढ्यात बनाबाईंना राहवेना. लग्नाची तयारी घरात कशी आहे ते पाहुण्यांना दाखवायलाच हवं. त्यांनी सायलीला स्टुलावर चढवून फडताळाच्या वरच्या कप्प्यातून एक बोचकं काढायला लावलं. आत पांढरीशुभ्र साडी होती, तिला बोटभर निळा काठ.

"वृषालीच्या बापानं घेऊन ठिवलीय," म्हातारी म्हणाली. "लई हौस हुती त्यांना. पोरीला अजून दावली न्हाई. ठरलं की दावीन म्हनलं, न्हाईतर उगं जिवाला लागतं. दरसाली म्हेंद्रच काडून देतो, मी ऊन दावते आन् ती यायच्या आत परत ठिवते."

सायलीनं घडी करून साडी परत ठेवली. चहाचा कप रिकामा झाला तरी कानिफनाथ तो हातातच धरून बसला होता.

शनिवारी दुपारी लगडांनी दोघा बहीणभावांना ऑफिसात बोलावलं. वृषालीला सांगितलं, निकाल लागला. महेंद्रला सांगितलं, स्थळाची चौकशी आहे. तो पहिली पाळी करून वर आला, बहिणीला तिथे बघून दारातच थबकला आणि मग कानिफनाथनं सरकवलेल्या खुर्चीवर बसला.

लगडांना नाटक करायची हौस नव्हती. ते सरळ बोलायला लागले.

"कानिफ, फसवणारा माणूस काहीतरी मागतो. पैसा, फोटो, अब्रू. प्रसेनजितनं काय मागितलं?"

"कायच न्हाई."

"एक गोष्ट मागितली. थांब म्हणाला. त्याच्यापायी ताईंनी दोन स्थळं घालवली, तिसरं उद्या जाणार होतं. त्याची कमाई तेवढीच. म्हणजे मला बाकी काही शोधायचं नव्हतं. ताईंचं लग्न झालं नाही तर सोय कोणाची होते, एवढंच बघायचं होतं. हनुमंताची नाही, आरतीची नाही, आणि ते दोघं तर लाईन मेली त्या गुरुवारी लिहीतच नव्हते."

महेंद्र खिडकीकडे बघत होता.

"आता वार बघा. अमेरिकेतल्या माणसाला शनिवार-रविवार सुट्टी. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ, कामावर जायची वेळ. हा इंजिनिअर गुरुवारी सकाळी कामधंदा सोडून दोन-दोन तास गप्पा मारतो, आणि सुट्टीच्या रविवारी त्याला फुरसत नाही. असं कोण करेल? ज्याची स्वतःची सुट्टी गुरुवारी असते तो. कारखान्यातल्या माणसाला सुट्टी म्हणजे विजेनं ठरवलेला वार, हे इतकं अंगवळणी पडतं की प्रसेनजितला कुठला वार द्यायचा याचा त्यानं विचारच केला नाही. दसऱ्याला एमआयडीसीतली सुट्टी सोमवारवर गेली. त्याच दसऱ्याला न्यू जर्सीतलीही गेली."

वृषालीनं मान वर केली. तिनं भावाकडे पाहिलं नाही, लगडांकडेच पाहत राहिली.

"पण ह्येंच्या कारखान्यात सोमवारी सुट्टी असनारी शेकड्यानं मान्सं हायत," कानिफनाथ म्हणाला. त्याला अजूनही दुसरं कोणीतरी निघावं असं वाटत होतं.

"आहेत ना. त्यातल्या कितीजणांना साडीचा काठ माहीत आहे? पांढरी साडी कोणीही लिहील. निळा काठ ताईंना स्वतःलाच माहीत नव्हता. आईंनी त्यांना साडी दाखवलेलीच नाही. ती वडिलांनी घेतली, आईंनी जपली, आणि दरवर्षी फडताळातून काढून देतो तो एकच माणूस. आई लिहीत नाहीत. सायलीताईंनी लिहिलं असतं तर नवऱ्याची सुट्टी आणि क्लास मला इतक्या कौतुकानं सांगितला नसता."

खाली रसवंतीचा घुंगरू वाजत होता.

मग महेंद्रनंच सांगितलं, तुटक तुटक. क्लासात सर नेट लावून द्यायचे. गप्पांत नगरची, ग्रंथालयात काम करणारी, चौतिशीची बाई दिसली आणि त्यानं ओळखलं. पहिल्या दिवशी गंमत करायची, घरी जाऊन ताईला चिडवायचं, एवढंच मनात होतं. पण पहिल्याच दिवशी तिनं लिहिलं की घरात माझ्याशी कामाशिवाय कोणी बोलत नाही. त्यानंतर सांगायचं कसं? घरी येऊन ती गुणगुणायला लागली होती. मग स्थळ आलं आणि तिनं नाही म्हटलं. घर होतं तसं राहिलं. पगार, आईचं औषधपाणी, सगळं तसंच.

"तेव्हा मला बरं वाटलं ताई," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. बरं वाटलं. मग पुढच्या वेळी मी मुद्दामच लिहिलं, थांब म्हणून."

वृषालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. गेल्या आठ महिन्यांत त्या माणसाला तिनं काय काय लिहिलं होतं, ते एकेक तिला आठवत असणार. कोणत्याही बाईनं भावाला कधी सांगितलं नसतं ते सगळं ह्यानं वाचलं होतं, आणि वाचून घरी येऊन तिच्यासमोर जेवायला बसला होता. कानिफनाथला वाटलं, आपण इथे नसायला हवं होतं.

"हसलास का रे, वाचून?" तिनं विचारलं.

"नाही. आई शप्पथ नाही. एकदा रडलो."

"मग तेव्हाच थांबायचं होतंस."

एवढंच बोलून ती उठली. आईला यातलं काही कळता कामा नये, असं तिनं लगडांना बजावलं. महेंद्र मागून निघाला, पण जिन्यात तिच्या बरोबरीनं चालायची त्याची हिंमत झाली नाही. ती रस्त्याला लागेपर्यंत तो मधल्या पायरीवर उभा राहिला.

रविवारी लगड आणि कानिफनाथ यांनाही जावं लागलं. बनाबाईंनी बोलावणंच धाडलं होतं, त्यांच्या लेखी ही मंडळी नवरदेवाकडचीच होती. महेंद्रनं कामावर रजा टाकली होती. ओहोळ सर वेळेवर आले. साधा पायजमा-सदरा, बोलणं कमी. लगडांनी त्यांना दारातच गाठलं, आपण तुमच्या बाजूचे नव्हे, ताईंनीच बोलावलेले, असं हळू आवाजात सांगून टाकलं. सरांनी नुसती मान डोलावली.

वृषाली पोहे घेऊन आली नाही. ती येऊन सरळ सरांसमोर बसली. तुमच्याशी मला आधी एकटीनं बोलायचं आहे, म्हणाली. बनाबाईंनी डोळे मोठे केले, पण दोघं मागच्या ओट्यावर गेले. काय बोलणं झालं ते कोणी ऐकलं नाही. सगळं खरं सांगितलं असणार, कारण परत आल्यावर सरांनी महेंद्रकडे एकदाच पाहिलं आणि नंतर पाहायचं टाळलं. मी वाट बघेन, असं ते बनाबाईंना म्हणाले, त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या.

"म्हंजी ठरलं का न्हाई?" बनाबाई म्हणाल्या.

"मला ती साडी बघायची आहे आई," वृषाली म्हणाली. "बाबांनी घेतलेली. महेंद्र काढून देईल."

साडीचं हिला कसं कळलं, हे विचारायचंही म्हातारीला सुचलं नाही. तिनं आनंदानं लेकाला स्टूल दिलं. महेंद्र चढला, फडताळात हात घातला आणि तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आरं, सापडंना व्हय?" बनाबाईंनी खालून विचारलं.

साडी त्याच्या हातात होती.