शिसं तळाला टेकेपर्यंत

मी नावघराचं कुलूप काढायला गेले, तेव्हा दाराशी एक माणूस पावसात उभा होता. पायाशी दोन पिवळ्या पेट्या, चष्म्यावर थेंब, आणि बराच वेळ ताटकळूनही भांडायचं नाही असं ठरवलेला चेहरा.

"तुओरांची वाट बघतोय," तो म्हणाला. "नाव तेच चालवणार, असं कागदावर आहे."

"ते नाही येणार. मार्चमध्ये गेले. मी त्यांची मुलगी, मादलेना."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग मी कागद जुना आणलाय," एवढंच म्हणाला आणि पेट्या उचलायला वाकला. त्या वाकण्यात काय होतं कोण जाणे... नाव मला चालवता येते, असं मी बोलून गेले.

खरं तर मी बाबांचं सामान न्यायला आले होते. सहा महिने टाळलेलं काम. रेनकोट, दोन मग, दोराला बांधलेलं चार किलोचं शिसं आणि एकतीस वह्या. एकतीस वर्षं बाबा या धरणाचे राखणदार होते. दर ऑक्टोबरला अकरा ठरलेल्या जागी ते शिसं पाण्यात सोडत आणि खोली वहीत लिहीत.

त्याचं नाव लोरेन्झ आब्डरहाल्डेन. टोगेनबुर्ग खोऱ्यातला. हिमनदीनं इतक्या वर्षांत तळ्यात किती गाळ आणून टाकला, ते यंत्रानं मोजायला तो आला होता. शेत नांगरावं तशी आम्ही तळ्यावर सरळ तासं धरली. तो पडद्याकडे बघत "जरा डावीकडे" म्हणायचा आणि मी नाव वळवायचे. तिसऱ्या दिवसापर्यंत तो पडद्याकडे कमी बघायला लागला होता. रेषा मात्र वाकली नाही... ती जबाबदारी माझी होती.

जेवताना त्यानं विचारलं, डोंगरात दोन हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, ते तुमच्याकडेही पाळतात का? मी म्हटलं, अर्थात.

"आणि हे तळं किती उंचीवर?"

"एकोणीसशे आठ."

"म्हणजे ब्याण्णव मीटर कमी पडले," तो म्हणाला आणि गंभीरपणे चीज कापत राहिला. "तुम्ही घेणार थोडं?"

पाचव्या दिवशी त्यानं बाबांच्या वह्या मागितल्या. दुपारी, माझ्याकडे न बघता त्यानं सांगितलं, की प्रत्येक जागी बाबांचा गेल्या ऑक्टोबरचा आकडाही यंत्रापेक्षा अर्धा मीटर जास्त येतोय. जुनी मोजणी अहवालातून वगळावी लागेल.

"बाबा चुकीचं लिहीत नसत."

"मलाही तसंच वाटतं," तो म्हणाला. "पण मला काय वाटतं, ते अहवालात लिहिता येत नाही."

त्यानंतर दिवसभर डावीकडे आणि उजवीकडे, एवढंच बोलणं झालं. एकतीस वर्षांचे एकतीस ऑक्टोबर. तेही गेले, तर बाबांचं इथे काय उरणार होतं?

सहाव्या दिवशी मी शिसं नावेत घेतलं. पहिल्या जागी इंजिन बंद केलं आणि ते सोडलं. शिसं टेकलं, दोर सैल पडला. लोरेन्झ दोरावरची पितळी खूण वाचायला वाकला.

"थांबा," मी म्हटलं.

माझे ओठ आपोआप हलत होते. लहानपणी बाबांचेही हलायचे. ते कुणासाठी तरी प्रार्थना करतात, असं मला वाटायचं. ते वेळ मोजत होते. दोराचं झुलणं थांबावं म्हणून एक अख्खी प्रार्थना म्हणायची, मगच आकडा वाचायचा — आधीच्या राखणदारानं शिकवलेलं.

"आमेन," मी म्हटलं. सैल पडलेला दोर पुन्हा ताठ झाला होता.

लोरेन्झनं खूण पाहिली, पडदा पाहिला. "बावन्न सेंटिमीटर. वरचा गाळ दह्यासारखा सैल आहे. यंत्राला त्याची साय दिसते. तुमच्या वडिलांचं शिसं प्रार्थना संपेपर्यंत आत उतरत होतं."

अकराही जागी पन्नास ते चोपन्न.

"ही चूक नाही," तो हळू म्हणाला. "एकतीस वर्षं त्यांनी खालचा घट्ट तळ मोजलाय." आणि माझ्यासमोर त्यानं 'वगळावी' हा शब्द खोडला. मी बराच वेळ धरणाच्या भिंतीकडे बघत राहिले. त्यानं बघू दिलं.

मग त्यानं दोर मागितला. एकदा स्वतः करून बघायचं होतं.

"पण आम्हा प्रोटेस्टंटांची प्रार्थना तुम्हा कॅथलिकांपेक्षा एका ओळीनं लांब असते."

"मग शिसं आणखी खाली जाईल. आकडा बिघडेल."

"म्हणून तुमचीच शिकवा."

मी एकेक ओळ म्हटली, तो माझ्यामागून म्हणत गेला. आमेन झालं. खूण कुणीच वाचली नाही. पाण्यावर बारीक पाऊस सुरू झाला.

"ऑक्टोबरची मोजणी चालू राहायला हवी," तो म्हणाला. "मी येईन."

"तुमच्याकडे यंत्र आहे की."

"मादलेना..." तो अर्धवट उठला. "मी मोजायला येणार नाहीये."

नाव डुलली. मी त्याची ओली बाही धरली.

"खाली बस," मी म्हटलं. "तू असा उभा राहिलास, तर दोघंही तळाला जाऊ."

तो बसला. बाही मी सोडली नव्हती.

"एकोणीसशे आठ मीटर," तो अगदी हळू म्हणाला.

"ठाऊक आहे," मी म्हटलं.