आवाज बुजवताना

आमच्या गाडीचा आवाज चौऱ्याऐंशी डेसिबल होता. अंदाजाने सांगत नाही. आवाज मोजणं हेच माझं काम आहे, मोजायचं यंत्र माझ्या पर्समध्येच असतं. आणि हे सगळं मी छकुलीच्या दुपारच्या झोपेत, तुकड्यातुकड्याने लिहिते आहे. कुठे विस्कळीत वाटलं तर तिला बोला.

गाडी म्हणजे जुनी डिझेल ट्रॅव्हलर. आधी ती लग्नाची वऱ्हाडं वाहायची. मग मेहकरच्या एका संस्थेने ती घेतली, मागच्या सीटा उपटून तिथे फोम लावलेली छोटी खोली केली आणि मला त्यात बसवलं. गावोगावच्या शाळांतली लेकरं त्या खोलीत येतात. मी त्यांच्या कानांना हेडफोन लावते आणि त्यांना किती ऐकू येतं ते तपासते. गाडी माझा नवरा प्रसेनजित चालवतो. आणि माझ्या मांडीवर छकुली. तिला तिसरं लागलंय.

मागची खोली शांत होती. पुढच्या केबिनचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. या गाडीचं इंजिन केबिनच्या आतच असतं, दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली. साखरखेर्ड्याला पोहोचेपर्यंत माझे दात वाजायचे, छकुली रडून लाल व्हायची, आणि उतरल्यावरही आम्ही नवरा-बायको तासभर ओरडूनच बोलायचो. लोकांना वाटायचं, भांडण चाललंय. कधी कधी चाललेलं असायचंही.

सासूबाईंनी एक दिवस निकाल दिला. "दुनियेच्या लेकराइचे कान तपासता अन् आपल्या लेकराचे फोडता. थंडी लागेपावतर गाडी चूप झाली तं ठीक, नाही तं पोरगी माह्याजोळ राहीन."

"होते ना आई चूप. पाहू राह्यलो मी," प्रसेनजित म्हणाला.

"तू काय पाहू राह्यला? मोबाइल पाहू राह्यला."

चीड याची आली की त्यांचं खरं होतं. पण दिवसभरात छकुली माझ्या वाट्याला येते ती त्या प्रवासातच. तिथे पोहोचलं की तिला शाळेतल्या मदतनीस बाई खेळवतात, घरी आलं की ती आजीची होते. मधल्या रस्त्यावर तेवढी माझी. तिच्या टाळूचा तेलकट वास, माझ्या पोटाला टेकलेली तिची पाठ. ते मी कोणाला देणार नव्हते.

मग सुरू झाले आमचे रविवार. एक रविवार गिअरच्या फाटलेल्या रबरात गेला. एक दारांच्या रबरी पट्ट्यांत. इंजिनच्या झाकणाला आतून लोकरीचा जाड नमदा लावला, तर तो सुटून फॅनच्या पट्ट्यात अडकला आणि लोणारच्या रस्त्यावर गाडीतून धूर निघाला. प्रसेनजित दर आठवड्याला नवा व्हिडिओ बघायचा आणि मागच्या आठवड्याचं काम चुकीचं होतं असं मलाच समजावून सांगायचा. एक खडखड बंद केली की तिच्याखाली दडलेली दुसरी ऐकू यायची. ती बंद केली की तिच्याखालची.

शेवटी उरलं पार्टिशन. केबिन आणि मागची खोली यांच्या मध्ये दोन प्लायवुड होते, आणि त्यांच्यात वीतभर पोकळी. ती ढोलकीसारखी घुमायची. तिच्यात भरायला जे मिळतं ते महाग होतं.

"वाकळी भरू," प्रसेनजित म्हणाला. "गोधड्यांइतका आवाज कोणीच खात नाही."

घरच्या वाकळींना सासूबाईंनी हात लावू दिला नाही. मग मी तानाबाईकडून एक गाठोडं घेतलं. तानाबाई आमच्या गल्लीत येते, जुन्या कपड्यांवर भांडी देते. गाठोड्यात चार-पाच झिजलेल्या वाकळी होत्या आणि मध्ये घडी करून ठेवलेलं एक दुपटं.

लहान लेकराचं दुपटं आमच्याकडे कोणी भांड्यावर देत नाही. ते पुढच्या लेकराला होतं, नाही तर नणंदेच्या, भावजयीच्या घरी जातं. हे नवंकोरं होतं. लाल काठ, मुंगीएवढे टाके. कोणीतरी महिनोन्महिने बसून शिवलेलं. एकदाही धुतलेलं दिसत नव्हतं.

"हे राहू दे. वेगळं काढू," मी म्हणाले.

"मधात नेमकी तेवढीच जागा राह्यली ना वं. दे इकडं."

दिवस कलत आला होता, छकुली किरकिर करत होती, माझ्या नखांत डिंक सुकला होता. मी वैतागून ते दुपटं स्वतःच्याच हाताने त्या फटीत कोंबलं. त्याने वरून प्लाय ठोकला.

मग उजेडाची परीक्षा. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो, हे प्रसेनजितचं नवं ज्ञान. काचांना पेपर चिकटवून केबिनमध्ये काळोख केला. मी छकुलीला घेऊन आत बसले, तो बॅटरी घेऊन गाडीच्या खालून, मागून फिरला.

"दिसते काय?"

"नाही."

"आता?"

"नाही रे. काही नाही."

छकुलीने पार्टिशनकडे बोट केलं. "मम्मी, इथं उजेड."

मी पाहिलं. काळोखच होता. हाताने चाचपलं. सपाट प्लाय.

"नाही गं बाळा."

"हाये," ती म्हणाली, आणि ओळखीच्या माणसाला हलवावा तसा तिने हात हलवला.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र लावलं. एकाहत्तर. एवढ्या जुन्या डिझेल गाडीत एकाहत्तर म्हणजे मी प्रसेनजितला सगळं माफ केलं. आम्ही हळू आवाजात बोललो. छकुली मांडीवर झोपली. मी तिला थोपटत "झोप बाळा, झोप माझ्या बाळा" असं काहीबाही गुणगुणले आणि ते मला स्वतःला ऐकू आलं. सासूबाई मुद्दाम हिवरा आश्रमापर्यंत सोबत आल्या आणि अर्ध्या वाटेत घोरायला लागल्या. जागं झाल्यावर म्हणाल्या, "ठीक हाये. नेत जाय पोरीले."

मी जिंकले होते.

त्याच आठवड्यापासून माझ्या तपासण्या बिघडायला लागल्या.

लहान लेकरांना "ऐकू आलं का" असं विचारून उपयोग नसतो. त्यांच्याशी खेळ खेळावा लागतो. हातात लाकडी ठोकळा द्यायचा, समोर बादली ठेवायची. कानात सूर वाजला की ठोकळा बादलीत. सूर हळू हळू कमी करत न्यायचा. ज्या सुराला ठोकळा पडत नाही, तिथे ऐकणं संपलं. छकुलीला हा खेळ पाठ आहे. लाजरं लेकरू आलं की मी आधी तिलाच बसवते, म्हणजे ते बघून शिकतं.

तर छकुली सूर नसतानाही ठोकळे टाकायला लागली. आधी मी रागावले. मग शाळेतली लेकरं तेच करायला लागली. मी बटणाला हात लावलेला नसायचा, आणि समोरचं लेकरू कान टवकारून, पार्टिशनकडे मान वळवून, ठोकळा टाकायचं. टप. अशा तपासणीचा कागद कोणाला दाखवणार? हेडफोन बदलले, वायरी बदलल्या, प्रसेनजितशी भांडले. त्याचं म्हणणं, लेकरं चावट आहेत. एका शाळेतली चावट असतील. सगळ्याच शाळांतली?

मी एका मुलीला विचारलं, "काय ऐकू आलं तुला?"

"लायनं लेकरू," ती म्हणाली. लायनं म्हणजे लहान.

"रडतंय?"

"नाही. चूपचाप बसेल हाये."

साखरखेर्ड्याचा दिवस. शाळा सुटली होती. मागची खोली मी आवरली, ठोकळे टेबलावर, बादली खाली, दाराला कडी. प्रसेनजित समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेला. मी केबिनमध्ये बसले. छकुली मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, ओठांवर बिस्किटाचा चुरा. काचा वर केल्या की बाहेरचा बाजार एकदम दूर गेला. आम्ही केलेली शांतता खरंच सुंदर होती.

तिची चुळबुळ झाली. मी थोपटलं. "झोप बाळा."

मागे ठोकळा पडला. टप.

टेबलावरून घरंगळला असेल, असं वाटलं. "बाळा, झोप."

टप.

प्रसेनजित मागे गेला असेल. मी समोर पाहिलं. तो टपरीवर होता, बशीत चहा ओतत होता.

मी वैतागले. भीती नंतर आली, आधी वैताग. आणि मग हातांना जी सवय आहे तेच मी केलं. तपासलं.

"छकुली," मी म्हणाले. काही नाही.

"प्रसेनजित." काही नाही.

"बाळा."

टप.

आवाज उतरवला. कुजबुजले. टप. त्याहून खाली, नुसता श्वास. टप.

मग आवाज केलाच नाही. फक्त ओठ हलवले.

टप.

इतकं चांगलं ऐकणारं लेकरू मी आजवर तपासलेलं नाही.

प्रसेनजित आला, मी त्याच्यासोबत जाऊन मागची कडी काढली. टेबल रिकामं होतं. ठोकळे बादलीत होते.

"पार्टिशन खोल," मी म्हणाले.

"काय?"

"सगळं काढून टाक."

"अवं, इतके रविवार घातले अन् आता म्हणतं काढ? यंत्र तुह्यं, आकडा तुहा, आता काऊन?"

"काढ म्हणते ना!"



सकाळी मेहकरच्या राजकुमारच्या गॅरेजवर प्लाय उघडला. गाडी रात्रभर तिथेच उभी होती, इंजिन थंडगार. "वहिनी, हे तं दाबून पापड झालं," म्हणत राजकुमारने एकेक वाकळ ओढून काढली. खरंच पापड झाल्या होत्या.

मधलं दुपटं चपटं झालं नव्हतं. ते फुगीर होतं, मधोमध खोलगट, कोणी नुकतं उचलून घेतल्यासारखं. मी ते हातात घेतलं. गरम होतं.

"इंजिनची ऊब," प्रसेनजित म्हणाला. पण त्याने हात लावला नाही.

मी ते नाकाशी नेलं. कुठलंही दुपटं हातात आलं की आई हेच करते. दुधाचा वास आला.

टाकून द्यावं असं मी म्हणाले. सासूबाईंनी ऐकलं नाही. "कोण्या माऊलीनं शिवलं असंल. धुऊन ठेवतो मी." त्यांनी ते धुतलं, छकुलीच्या कपड्यांशेजारी दोरीवर घातलं. दुपारपर्यंत सगळी दोरी वाळली. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "हे दुपटं काऊन वाळत नाही वं?"

गाडी पुन्हा चौऱ्याऐंशीवर आली. बोलीप्रमाणे छकुली आजीकडे राहिली. मी वाद घातला नाही. खरं तर त्या गाडीत तिला बसवायची माझीच हिंमत नव्हती. निघताना ती ओट्यावरून ओरडत होती, "मम्मी, मले ने!" इंजिनच्या आवाजात मला फक्त तिचं तोंड दिसत राहिलं.

हिवरा आश्रमापर्यंत केबिन पूर्वीसारखीच दणदणत होती. मी त्या खडखडाटाचे आभार मानत होते. मांडी रिकामी होती आणि पायांना ते कळत होतं.

शाळेसमोर प्रसेनजितने गाडी बंद केली. "सरांना सांगून येतो," म्हणून तो उतरला. दार लागलं. इंजिन एक-दोनदा तडतडून गप्प झालं.

मागच्या खोलीला कुलूप होतं. ठोकळे आणि बादली तिथे कपाटात. पार्टिशन उघडं, पोकळ, त्यात काहीच नाही.

मला तिचं ओट्यावरचं तोंड आठवलं. किती रडली असेल. नकळत तोंडातून गेलं.

"माझं बाळ ते..."

टप.

मागून नाही. माझ्या पायाशी.

मी खाली पाहिलं नाही. समोर शाळेच्या फाटकातून लेकरं रांगेने येत होती, मी त्यांच्याकडेच बघत राहिले. पण मांडीला ऊब लागली होती, आणि माझा हात, सवयीने, थोपटायला लागला होता.