दोराचं खालचं टोक

“दादा, मी तुझ्याशी बोलतोय! भिंतीशी नाही!”

धाकट्याने टेबलावर मूठ आपटली तशी चहाच्या कपांनी उडी मारली. पण नळाखाली ताट धरून पाठमोरा उभा असलेला थोरला घासतच राहिला… शांतपणे, ताटाच्या कडेकडेने, जणू मागे खोलीत कुणी नाहीच! धाकट्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. थोरल्याच्या बायकोने विळी बाजूला सारली आणि टाच जमिनीवर दोनदा आपटली. लाकडी जमीन थरथरली, तेव्हा कुठे थोरला वळला.

“काय म्हणतोस?”

“काय म्हणतोस! मघापासून घसा कोरडा केला तो कुणासाठी? सोमवारपासून तू दोरावर नाहीस. दुसरा माणूस बघितलाय मी. तू गोदामात बस, मशीनच्या साखळ्यांना धार लाव. कळलं?”

थोरला त्याच्या ओठांकडे बघत होता. सोमवार कळलं, दोर कळलं, दुसरा माणूस कळलं. मधली भोकं त्याने नेहमीसारखी स्वतःच बुजवली, आणि बुजवल्यावर जे उभं राहिलं ते बघून त्याने नळ बंद केला.

“तुझ्या दोराला मीच,” तो एवढंच म्हणाला.

“का? दोर काय तुझ्या नावावर करून दिलाय कुणी? वर मी असतो, दादा, मी! खाली उभा राहणारा माणूस हाकेला ओ देणारा पाहिजे. आणि तू…” धाकटा थांबला. मग जे बोलायचं नव्हतं तेच बोलला. “तू तर मरणाऱ्या आईलाही ओ दिली नाहीस!”

हे मात्र शब्दन् शब्द कळलं. काही वाक्यं ओठांवर वाचावी लागत नाहीत…

थोरल्याने ताट पुसलं, फळीवर उभं ठेवलं, आणि तो हात कोरडे करत बाहेर गेला. धाकटा वहिनीकडे वळून म्हणाला, “बघितलंस? दगड आहे दगड! टोळीतली माणसं उगीच नाही त्याला दगडोबा म्हणत.” वहिनीच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं आणि तिथेच मेलं. थोरल्याने तिला शपथ घातलेली होती.

सांगून टाकायला हवं. थोरला बहिरा होता. मोठा भोंगा वाजला किंवा जड ओंडका जमिनीवर पडला तर छातीत काहीतरी हलायचं, पण माणसाचा आवाज त्याच्यापाशी पोचायचा बंद झाला होता. त्या जागी एक मशीन चालू होतं. लाकूड कापायचं मशीन, डोक्याच्या आत, दिवस नाही रात्र नाही. बाहेरच्या मशीनचं पेट्रोल संपतं तरी; याचं संपत नव्हतं.

बाप गेला तेव्हा दोघे भाऊ त्याच्याच कामाला, झाडं उतरवणाऱ्या टोळीत लागले होते. झाड उतरवायचं म्हणजे मुळातून आडवं पाडायचं नव्हे, तिथे घरं असतात, तारा असतात, भिंती असतात. वरच्या माणसाने कमरेला पट्टा, पायात लोखंडी काटे बांधून चढायचं, फांदी दोराला बांधून कापायची, आणि खालच्या माणसाने तो दोर बुंध्याला वेढे देऊन हळूहळू सोडायचा. वरच्याचा जीव खालच्याच्या मुठीत. ठेकेदाराने दोघा भावांत मिळून एक हेल्मेट दिलं, कानांवर आवाज अडवणारे इअरमफ असलेलं. दुसरं मागितलं तर दात कोरत म्हणाला, “कान काय कापले जातात होय रे मशीनने?” कापले जातात, ठेकेदारसाहेब. रक्त येत नाही एवढंच!

ते हेल्मेट थोरला रोज सकाळी धाकट्याच्या डोक्यावर चढवायचा. “मला घाम येतो त्यात,” म्हणायचा. धाकटा लहान होता, त्याने विश्वास ठेवला. मोठा झाला, काम शिकला, स्वतःची टोळी उभी केली, तरी ठेवला. सोयीचा विश्वास कुणाला जड होतो? थोरला वर्षानुवर्षं उघड्या कानांनी त्या कर्कश राक्षसाशेजारी उभा राहिला, आणि राक्षसाने आधी पाखरं खाल्ली, मग दारावरची टकटक, मग बायकोचं “अहो”…

आणि मग आई. त्या संध्याकाळी आई खिडकीजवळच्या खाटेवर पडलेली होती. थोरला तिच्याकडे पाठ करून, खिडकीतून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात, दोराचं उसवलेलं टोक जाड दोऱ्याने बांधत बसला होता. तिच्या अंगावरचं पांघरूण त्याने नुकतंच सारखं केलं होतं. ती झोपली आहे असं त्याला वाटलं. कुणीतरी खांदा धरून त्याला गदागदा हलवलं तेव्हा समोर धाकट्याचा चेहरा होता, रडणारा, थुंकी उडवणारा… “ती हाका मारतेय, हाका मारतेय आणि तू!” थोरला वळला. आईचे ओठ थांबले होते. त्यांवर वाचायला काही उरलं नव्हतं.

आपण किती बहिरे झालोय हे त्याला त्या दिवशी, त्या चेहऱ्यावरून समजलं. त्याने खुलासा केला नाही. केला असता तर कान का गेले हेही सांगावं लागलं असतं. पण त्याहून एक जीवघेणी गोष्ट त्याच्या काळजात रुतून बसली होती. आई काय म्हणत होती? पाणी मागत होती? माफ करत होती, की शाप देत होती? ज्याला ठाऊक होतं त्यालाच हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की कळलंच, ऐकू आलं नाही म्हणून.

बायको त्याच्या मागोमाग बाहेर आली. हनुवटी धरून तिने त्याचं तोंड स्वतःकडे वळवलं. त्यांच्या संसारात प्रत्येक भांडण असंच समोरासमोर व्हायचं, पाठीमागे पुटपुटण्याची चैन तिला उरली नव्हती.

“सांगून टाका त्याला.”

“नाही.”

“अहो, पण का?”

“जन्मभर अपराधी वाटेल त्याला. त्याच्या डोक्यावर ओझं कशाला?”

“ओझं! आणि उद्या अख्खी फांदी आली त्याच्या डोक्यावर म्हणजे?” तिचे डोळे भरले, पण आवाज तिने चढवला नाही, चढवून उपयोग काय? “हेल्मेट दिलंत तो त्याग होता. मी तुमचे पाय धुतले असते! पण हा त्याग नाही, ही चोरी आहे. त्याला वाटतं खाली दोन कान उभे आहेत. नाहीत!”

“डोळे आहेत.”

“आणि डोळ्यांत भुसा गेला तर?”

तो पायरीवर टेकला. त्याला थकवा आला होता. दिवसभर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहण्याचा, न कळलेल्या विनोदावर सगळ्यांच्या पाठोपाठ हसण्याचा थकवा… झाडावर चढून माणूस तेवढा थकत नाही.

शनिवारी, त्याच्या शेवटच्या दिवशी, दोन घरांच्या मधलं एक वाळलेलं झाड होतं. धाकटा वर चढला. थोरल्याने बुंध्याला दोराचे वेढे दिले आणि नजर वर लावली. ट्रकवाला सिगारेट झटकत इतरांना म्हणाला, “दगडोबाने समाधी लावली बघा! भाऊ वर असला की पापणी हलत नाही गड्याची.” सगळे हसले. थोरला हसला नाही. ओठ बघायला त्याला वेळ नव्हता.

दुपार कलली. एक जाड फांदी उरली होती, शेंड्याजवळची. धाकट्याने ती बांधली, दोर वरच्या कप्पीतून आला असल्याची खात्री केली, हाताने खूण केली, आणि कापली. फांदी सुटली, दोराला लटकली. थोरल्याने दोर सोडायला सुरुवात केली, आणि नेमका त्याच क्षणी वारा फिरला. वाळक्या लाकडाचा पिठासारखा भुसा सरळ त्याच्या डोळ्यांत आला.

त्याने डोळे मिटले. उघडायला गेला, ते उघडेचनात! हात आपलं काम करत राहिले, दोर मुठीतून सरकत राहिला. वर फांदी गिरकी घेऊन धाकट्याच्या अंगावर आली होती, तिचं जाड टोक त्याच्या कमरपट्ट्यात अडकलं होतं, आणि खालून जितका दोर सुटत होता तितकं ते धूड त्याला झाडावर चिरडत होतं.

“थांब! दादा, थांब!” धाकटा ओरडला. मशीन केव्हाच बंद होतं. सगळा रस्ता ऐकत होता. “दादा, बरगड्या… थांब रे!” माणसं ओरडली, ट्रकवाला धावत सुटला, समोरच्या खिडकीतली बाई किंचाळली. दोर सुटतच राहिला!

धाकट्याचा श्वास तुटला. ओरडायलाही हवा उरली नाही. आणि तेव्हा कुठून कोण जाणे, बापाने लहानपणी शिकवलेली जुनी खूण त्याच्या हाताला आठवली. त्याने शेजारून खाली जाणाऱ्या ताठ दोरावर मूठ मारली. एकदा. पुन्हा एकदा.

दोर थांबला.

तत्क्षणी थांबला! खाली थोरल्याने डोळे मिटलेल्या अवस्थेतच दोराला आणखी एक वेढा मारला, मागे रेलला, आणि सगळा भार कमरेवर घेऊन उभा राहिला. दोन झटके म्हणजे थांब. बापाचा कायदा होता तो.

फांदी दुसऱ्या दोराने ओढून काढली. धाकटा खाली उतरला तो बरगड्यांवर हात दाबून, आणि डोळ्यांत खून घेऊन. थोरला बुंध्याकडे तोंड करून अजून दोर धरूनच उभा होता. भुशाने भरलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण काय करून बसलो होतो हे त्याला अजून पुरतं माहीत नव्हतं.

“दादा!” धाकटा त्याच्या मागे येऊन गरजला. मान धरून त्याला फिरवायलाच तो आला होता. पण पाठ हलली नाही. खांदा दचकला नाही. एवढी गर्जना झाली तर झोपलेलं कुत्रंही कान हलवतं…

“अरे, त्या दगडोबाला काय—”

“गप्प बस!” धाकटा ट्रकवाल्यावर खेकसला. मग अगदी हळू, जसं घरात हाक मारतात तसं, म्हणाला, “दादा…”

काही नाही.

धाकट्याने वाकून जमिनीवर लोळणारं दोराचं मोकळं टोक उचललं, आणि दोन हलके झटके दिले.

थोरला गर्रकन वळला. “काय रे? लागलं का तुला? कुठे लागलं?”

धाकट्याच्या हाताला काही सुचेना. त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, इअरमफ उलटसुलट करून बघितले, जणू जन्मात पहिल्यांदाच बघतोय, आणि तो मटकन भुशात बसला. “घाम येतो म्हणाला होतास,” त्याचे ओठ हलले. “दादा… घाम येतो म्हणाला होतास ना रे!”

थोरल्याला ते वाचता आलं. कदाचित यापूर्वी कुणाचे ओठ त्याला इतके स्वच्छ दिसले नव्हते.

घरी येईपर्यंत दिवस मावळायला आला. दोघे खिडकीजवळच्या त्याच रिकाम्या खाटेवर बसले, धाकट्याच्या बरगड्यांना पट्टी बांधलेली. वहिनी दाराशी उभी होती. तिने कुणालाही “मी सांगत होते” असं म्हटलं नाही. म्हणायचा हक्क असूनही न म्हणणारी माणसं फार थोडी असतात.

“वहिनी, तुला ठाऊक होतं?” धाकट्याने विचारलं.

“ठाऊक होतं. मीही तितकीच चोर आहे.”

धाकट्याने थोरल्याचे दोन्ही हात धरले. “दगड म्हणालो तुला मी… आईच्या नावाने वाट्टेल ते बोललो. तोंडात मार माझ्या!”

“तुझी बरगडी मोडली असती, आणि तोंडात तुझ्या मारू?” थोरला थकलेलं हसू हसला. “माझंच चुकलं. तू वर, आणि मी खोटे कान लावून खाली. सोमवारी नवा माणूस येऊ दे. चांगला असेल. त्याला फक्त दोन झटके शिकव.”

धाकट्याने मान डोलावली. खोलीत अंधार भरत चालला होता. थोरला बराच वेळ स्वतःच्या तळहातांवरचे दोराचे वळ चोळत राहिला. मग, जो प्रश्न त्याने बायकोलाही कधी सांगितला नव्हता तो, जडपणे, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा त्याने ठेवला:

“एक विचारू? त्या दिवशी… आई काय म्हणत होती?”

धाकट्याने झटकन वर पाहिलं. आईचे शेवटचे शब्द! सगळी वर्षं ते फक्त धाकट्याजवळ होते, आणि त्याला वाटत होतं की थोरल्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले… तो काहीतरी बोलला. बरंच बोलला. पण त्याचा चेहरा म्हणजे आता नुसती काळी सावली होती.

“दिसत नाही रे,” थोरला म्हणाला. “अंधार झालाय. दिवा लाव.”

धाकटा असा हुंदका देऊन रडला की वहिनी धावत आत आली. तो उठला, भिंत चाचपडत त्याने दिवा लावला, आणि परत येऊन थोरल्याच्या पुढ्यात जमिनीवर बसला, तोंड उजेडात धरून.

“हेच,” तो म्हणाला. “हेच म्हणत होती ती! अंधारात दोर बांधत बसलायस, डोळे बिघडतील, दिवा लाव रे बाळा… सारखी तेवढंच. दिवा लाव. दिवा लाव.”

“पाणी नव्हती मागत?”

“नाही.”

“रागावली नव्हती?”

“तुझ्या डोळ्यांची काळजी करत होती, दादा.”

“आणखी काही?”

“एवढंच.”

थोरल्याने भुशाने लाल झालेले डोळे पुसले, पुन्हा पुसले, आणि दिव्याकडे बघत बसला. डोक्यातलं मशीन चालूच होतं. ते काही थांबणार नव्हतं. बसल्या बसल्याच त्याला झोप लागली, कितीतरी वर्षांत लागली नव्हती तशी. धाकट्याने त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. वहिनीचा हात सवयीने बटणाकडे गेला, पण धाकट्याने मान हलवली.

“असू दे,” तो म्हणाला. “जागा झाला तर त्याला आपली तोंडं दिसायला हवीत.”