देवघरातला ढेकर

अण्णाजींचा निरोप तोडका होता. "पुतणीले येऊन घेऊन जा."

निवृत्त पोलीस जमादार पुंडलिकराव जाम गावाहून मिळेल त्या एसटीने निघाले. पवनारच्या अलीकडच्या त्या खेड्यात पोचले, तेव्हा अण्णाजींच्या ओसरीत मंदाची ट्रंक तयारच होती आणि तिचा नवरा मधुकर खाली मान घालून ट्रंकेला दोरी आवळत होता. बाप नसलेली ही पुतणी पुंडलिकरावांनी लेकीसारखी वाढवली होती. दिवाळीनंतर लग्न लावून दिलं, आणि होळीच्या आत तिला परत पाठवायला हे लोक निघाले होते. एकदा माहेरी टाकलेली बाई गावात कशी जगते, ते जमादाराला ठाऊक होतं.

मंदाचे सासरे अण्णाजी बाजेवर बसले होते. पांढरीशुभ्र खादी, हातात सूतकताईची टकळी. जिल्ह्यात दारूबंदी आल्यापासून ते गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या भाषणाशिवाय आसपास सभा होत नसे.

"काऊन नेऊ तिले?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"ते आल्यापासून घरात रातचा आवाज येते."

"कसला?"

उत्तर अण्णाजींच्या विधवा बहिणीने, आनंदाबाईंनी दिलं. "गटगट पाणी पेल्यावानी. मधीच ढेकर दिल्यावानी. मंग ठक करून पेला ठेवते. वैनी हाये ते. सून पसंत नाई तिले."

वैनी म्हणजे अण्णाजींची बायको विमलाबाई. गेल्या उन्हाळ्यात वारली होती.

"तुमालेबी असंच वाटते, अण्णाजी?"

अण्णाजींनी डोळे मिटले. "माही बायको होती, जमादार. मी काय सांगू?"

जेवणं झाल्याशिवाय पाहुण्याला जाऊ देणं त्या घराला शोभलं नसतं. पाटावर बसवलं. गंजातली, पितळी पातेल्यातली, कढी वाढली. पहिल्या घोटाला पुंडलिकरावांच्या जिभेवर तुरट किळस चढली. वाटीच्या कडेला हिरवट झाक होती. कढी कळकली होती. गंजात डोकावून पाहिलं, तर कल्हई उडून आतलं पितळ उघडं पडलेलं.

"कल्हईवाला फिरकत नाई का गावात?"

"येते ना," आनंदाबाई ओशाळल्या. "वैनीच करून घेत होती. ते गेली, मंग कोणाले सुचलंच नाई."

पुंडलिकरावांनी वाटी सरकवली आणि मंदाला मागच्या परसात नेलं. तिचे डोळे रडून सुजले होते, पण बोलणं सरळ होतं.

"तू झोपते कुठं?"

"देवघराले लागून खोली हाये तिथं. आवाज भिंतीतून येते, काका."

"तुह्या आधी तिथं कोण झोपे?"

"कोणी नाई. कापूस भरून राहे आढ्यापर्यंत. लग्नासाठी खाली केली."

"रोजच येते आवाज?"

"नाई. आत्याबाईनं उतारा टाकला का बंद होते. मंग काही दिवसानं पुन्हा सुरू."

"उताऱ्याचा दिवस कोण ठरवते?"

"मामाजी."

"आन देवघरात कोण जाते?"

"तेच. आत्याबाई उंबऱ्याबाहेरून हात जोडते. मले तर मनाईच हाये. धूपबी मामाजीच लावते, दिवसभर."

"मधुकर काय म्हणते?"

"म्हणते, मले काही ऐकू येत नाई. तुह्या डोक्यात हाये."

उकिरड्याजवळ कोंबड्या टोचत होत्या. त्यातली एक चालता चालता कलंडली, उठली, पुन्हा कलंडली. तोंडातून लाळ गळत होती. "रोग आला हाये कोंबड्याइले," दारातून अण्णाजी म्हणाले. ते मागोमाग आलेच होते.

पुंडलिकराव चपला काढून देवघरात शिरले. अण्णाजी आडवे यायच्या आत शिरले. धुपाने घसा धरला, आणि त्या धुपाखाली आणखी एक वास होता, आंबट, उलटीसारखा. जमीन सगळी भेगाळलेली, पण देवाच्या चौरंगापुढे तेवढं ताजं सारवण. कोनाड्यात कागदाच्या पुडीत पांढरे खडे होते.

"हे काय?"

"नवसागर," अण्णाजी लगेच म्हणाले. "संक्रांतीले भांड्याइले कल्हई केली. त्यातला उरला."

पुंडलिकरावांनी पुडी मुठीत घेतली. "सगळ्याइले बोलवा," ते म्हणाले. "आन खंदाले सब्बल आणा."

घरचे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. सब्बल कोणी आणली नाही, तेव्हा मंदाने आणली.

"खोटं बोलायचं तं आपल्या घरातली भांडी तरी पाहून बोलाव, अण्णाजी," पुंडलिकरावांनी सुरुवात केली. "मी आत्ताच तुमच्या घरची कळकली कढी पेलो. वर्षभर या घरात कल्हई नाई. तुमी स्वयंपाकघरात कधी डोकावलेच नाई, म्हणून तुमाले मालूम नाई. मंग नवसागर कशाले? कल्हईवाल्याशिवाय तो आणखी कोणाले लागते, ते मी साऱ्या नोकरीत पाह्यलं. दारू गाळणारे मोहाच्या सडव्यात, आंबवलेल्या फुलाइत, टाकते."

आनंदाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"सडवा आंबला का गटगट करते. वर झाकलेला पाट उचलला जाते आन ठक करून पडते. काढून धाम नदीच्या काठाले भट्टीवर नेला, का घर चूप. नेण्याच्या दिवशीच तुमी बहिणीले उतारा टाकाले लावला. गाळलेला मोहा उकिरड्यावर टाकला, तो खाऊन कोंबड्या झिंगल्या. कापूस होता तंवर आवाज कापसात मुरे. मंग तिथं मंदा झोपाले लागली. आज तिनं आवाज ऐकला, उद्या वास ओळखला असता. म्हणून तिले काढाचं. छापा पडला तरी अध्यक्षाचं देवघर कोण खंदते?"

त्यांनी सब्बल घातली. सारवणाचा पातळ पापुद्रा फुटला, खालचा सैल पाट वर आला आणि पुरलेल्या रांजणाचं तोंड उघडं पडलं. दुर्गंधीने सगळे मागे सरले. तपकिरी फेसात सडकी मोहाची फुलं, झुरळं आणि फुगलेला एक उंदीर तरंगत होता. रांजण सगळ्यांसमोर बुडबुडला, ढेकर दिल्यासारखा.

पुंडलिकरावांना उंदराची इतकी किळस आली नाही. याच चौरंगावर विमलाबाईंचा हार घातलेला फोटो होता. नवऱ्याने मेलेल्या बायकोला भूत करून रांजणावर राखणीला बसवलं होतं. त्या माणसाच्या घरचा घास आपण खाल्ला, याची आली.

अण्णाजींनी हात जोडले. आवाज अजून सभेतलाच होता. "जमादार, घरातली गोष्ट घरात राहू द्या. ट्रंक सोडतो. पोरीचा संसार हाये तुमच्या."

पुंडलिकरावांनी सब्बल भिंतीला टेकवली. नोकरीत असते तर क्षणभर थांबले नसते, पण इथे पुतणी होती. त्यांनी मंदाकडे पाहिलं.

मंदा नवऱ्याकडे पाहत होती. "तुमाले मालूम होतं?"

मधुकर अण्णाजींकडे बघू लागला.

"मी रातभर थरथरत बसो. तुमी कूस बदलत होते. मालूम होतं?"

"बाबानं म्हटलं होतं, बोलू नोको," तो पुटपुटला.

आनंदाबाई रडत तिच्या हाताला धरून म्हणाल्या, "राह्य वो माय, मले खरंच नव्हतं मालूम."

"तुमी भेटाले येजा, आत्याबाई," मंदा म्हणाली. तिने हात हळूच सोडवला, ओसरीत गेली आणि मधुकरने आवळलेली ट्रंक स्वतः उचलली.

"चला काका. पहिले ठाण्यात जाऊ. जामले मंग."