कडेचा तारा

सुभाष रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सुकन्या शिरली तेव्हा सव्वानऊ वाजले होते, आणि दहाला कार्यशाळा सुरू होणार होती. लॅपटॉपचा चार्जर आदल्या संध्याकाळीच जळला होता. बाहेर श्रावणातली बारीक झड. ओढणी खांद्याला चिकटलेली, आणि डोक्यात सकाळपासून एकच विचार... आपलं नाव कार्यशाळेच्या यादीत चुकून तर आलं नसेल?

काउंटरवर एक उंच, चष्मेवाला तरुण एक्स्टेन्शन बोर्ड घेत होता. एक नाही, सात. प्रत्येक बोर्ड प्लग लावून, दिवा पेटवून बघत होता.

"अण्णा, स्वल्प बेग माडरी," तिनं दुकानदाराला कन्नडमधून विनवलं, जरा लवकर करा म्हणून. मग मराठीत स्वतःशीच पुटपुटली, "सगळं गाव वायरीनं बांधून नेतोय काय की."

तरुण वळला. "गाव नाही हो. चाळीसच माणसं आहेत."

सुकन्याचे कान तापले. "मला... तुम्हाला मराठी येतं असं वाटलं नाही."

"बेळगावचा आहे. तुम्ही घ्या आधी, घाई दिसतेय."

"दहाला कॉलेजात पोचायचंय. शिकवायला बेंगळूरची मोठी माणसं येणार म्हणे. उशीर झाला तर दारात उभं करतील."

"नाही करणार," तो सहावा बोर्ड लावत म्हणाला. "शिकवणाराच अजून इथं उभा आहे."

त्याचं नाव प्रशिक. बेंगळूरच्या एका संस्थेत पीएचडीचं पाचवं वर्ष. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका दुर्बिणीवर अतिनील प्रकाश टिपणारा कॅमेरा होता. त्यानं पाठवलेले आकडे कसे गाळायचे, त्यातून ताऱ्याचं खरं चित्र कसं काढायचं, हे तो पाच दिवस शिकवणार होता. समोर चाळीस जण, त्यांतले निम्मे पगारी खगोलशास्त्रज्ञ. सुकन्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. वडील, प्रेमानंद, ती नववीत असतानाच गेलेले. आई, साधना, हुबळीच्या देशपांडे नगरातल्या एका दवाखान्यात औषधं देण्याच्या कामाला. घरात कॉलेजची पायरी चढलेली सुकन्या पहिलीच. चूक झाली तर फक्त आपली होणार नाही, लोक म्हणतील 'ह्यांचं असंच', ही भीती तिला शाळेपासून चिकटलेली होती. म्हणून ती प्रत्येक काम दोनदा करायची.

तिसऱ्या दिवशी प्रशिक तिच्या खुर्चीमागे थांबला.

"तुम्ही तेच गणित परत का चालवताय?"

"पहिलं बरोबर आलं असेल असं वाटत नाही म्हणून."

"बोलताना पण असंच दोनदा विचार करता?"

"सगळ्यांशी दोनदा." मग पडद्याकडेच बघत, "तुमच्याशी तीनदा."

तो हसला, काहीतरी म्हणायला गेला... आणि पुढच्या रांगेतून कुणी हाक मारली. त्या दुपारी मात्र कॅन्टीनमध्ये गिरमिटाची बशी घेऊन तो तिच्याच टेबलावर आला. चुरमुऱ्यांतली हिरवी मिरची बाजूला काढत तो त्याच्या ताऱ्याविषयी बोलला. एक फिकट तारा, दर पंचवीस मिनिटांनी मिणमिणणारा. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावर उभं होतं. शुक्रवारी मार्गदर्शक श्रीवत्स सर स्वतः येणार होते आणि सगळ्यांसमोर तो निकाल मांडायचा होता.

"दोन वर्षं मी त्याच्याकडेच बघतोय," तो म्हणाला. "आता या आठवड्यात दुसरीकडे बघायला लागलो तर कामाचं कसं व्हायचं, कळत नाही."

सुकन्यानं मान खाली घातली. बशीतली मिरची तिनं न बघता खाल्ली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानंच, असं स्वतःला बजावलं.

चौथ्या दिवशी सगळ्यांना सरावाला त्याच ताऱ्याचे आकडे दिले. चित्राच्या अगदी कडेला तो ठिपका होता. आपण बरोबर ठिपका धरलाय की शेजारचा, याची खात्री वाटेना म्हणून सुकन्यानं दोन्हींचा उजेड मोजला.

दोन्ही मिणमिणत होते. एकाच तालात.

तिनं तिसरा ठिपका घेतला, कडेचाच. तोही तसाच. मग मधले चार घेतले. ते स्थिर होते. म्हणजे तारा मिणमिणतच नव्हता. दुर्बीण फिरता फिरता किंचित झुलत होती, आणि झुलली की कडेच्या ताऱ्यांचा थोडा उजेड चित्राबाहेर सांडत होता. त्याची दुरुस्ती करायची एक पायरी होती. प्रशिकच्या गणितात ती राहून गेली होती.

जेवणाच्या सुट्टीतही ती आलेखांसमोरच बसून राहिली. गप्प बसावं? मी कोण, काल आलेली पोरगी. पण उद्या श्रीवत्स सरांनीच पकडलं तर? आणि कुणीच पकडलं नाही, खोटा निकाल छापून गेला, तर ते त्याहून वाईट. चार वाजता व्हरांड्यात तो एकटा दिसला. ती लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेली.

"सर... जरा बघता?"

"आता सर झालो?" तो हसत जवळ आला.

तिनं लॅपटॉप कठड्यावर ठेवला. आलेखावर आलेख. त्याचं हसू हळूहळू विरत गेलं. पावसाचे थेंब कठड्यावरून उडून पडद्यावर पडत होते; कुणीच पुसले नाहीत.

"खात्री केलीत?"

"सात वेळा."

त्यानं चष्मा काढला, परत घातला. तिच्याकडे न बघता फाईल आपल्या पेनड्राइव्हवर घेतली आणि पायऱ्या उतरून गेला.

चिगरी या शहरबसमध्ये हुबळीपर्यंत ती खिडकीच्या दांड्याला धरून होती. आपण त्याची दोन वर्षं मोडली. तो उद्या आपल्याकडे बघणारही नाही.

घरी आई भाकरी थापत होती. सुकन्यानं नाव न घेता सगळं सांगितलं. साधनाबाई भाकरी उलटत म्हणाल्या, "एकदा चिठ्ठीतला डोसचा आकडा मला जास्त वाटला. लहान पोरीचं औषध. डॉक्टरला कसं विचारायचं? मी सातवी शिकलेली. तरी गेले."

"मग?"

"दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

"आणि ती पोरगी?"

"घरी गेली की चालत. जेव आता."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. श्रीवत्स सर पहिल्या रांगेत, पांढऱ्या मिशांचे, हातात वही. सुकन्या शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली. प्रशिक उभा राहिला. डोळे लाल, शर्ट कालचाच.

"हा निकाल मी आज मांडणार होतो," तो म्हणाला. "तो चुकलाय. तारा स्थिर आहे. एक दुरुस्ती माझ्याकडून राहिली होती."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. सरांनी वही मिटली. "कुणी पकडलं?"

त्यानं नाव घेऊ नये असं तिला वाटलं. त्यानं नाव घेतलं नाही तर, याचीही भीती वाटली.

"सुकन्यानं. तिनंच सांगावं, मला तिच्याइतकं नीट जमणार नाही."

ती कशी पुढं गेली, तिला नंतर आठवलं नाही. पहिली दोन वाक्यं ती खाली बघतच बोलली. मग पडद्यावर ते ठिपके आले, आणि ती माणसांशी नाही, ठिपक्यांशी बोलायला लागली. सरांनी तीन प्रश्न विचारले. दोन प्रश्नांची उत्तरं तिनं दिली.

"तिसऱ्याचं माहीत नाही, सर."

"बरं झालं," सर म्हणाले. "माहीत नाही असं सरळ सांगणारं कुणीतरी भेटलं." मग प्रशिककडे वळून, "प्रकरण काढून टाक. सहा महिने वाढतील. चालेल?"

"चालेल," प्रशिक म्हणाला.

निरोपाचा चहा संपला आणि सुकन्या छत्री न उघडताच बसथांब्याकडे निघाली. मागून पावलं आली.

"काल मी रागावून गेलो नाही," तो धापा टाकत म्हणाला. "घाबरून गेलो. सकाळी बॅग भरली होती. ताप आलाय म्हणून कळवायचं, बेळगावची गाडी धरायची..."

"मग का आलात?"

"गेलो असतो तर तुझ्यासमोर परत कधी उभं राहता आलं नसतं. सहा महिने गेले तर जाऊ देत. ते मात्र नको होतं."

तो 'तू' म्हणाला होता. दोघांनाही ते ऐकू आलं.

"मला वाटलं, तुमचं सगळं मी मोडलं," ती म्हणाली. "रात्रभर तेच."

"मोडलंस की. तरी इथं भिजत उभा आहे."

तिनं हात पुढं केला... निरोपाचा की कसला, तिलाही कळलं नव्हतं. त्यानं तो धरला. हात थंडगार होते, दोघांचेही.

"रविवारी आई घरी असते," सुकन्या म्हणाली. "या. पण ती सरळच विचारेल."

"काय?"

"माझ्या पोरीवर जीव आहे का, म्हणून."

"हो म्हणून सांगेन."

"तिला सांगाल. मला कुठं सांगितलंत?"

चष्म्यावरचं पाणी न पुसताच त्यानं तिला सांगितलं.