टोपलीखालचं केसर

"अहो! अहो, कापताय काय!"

स्वरालीच्या हातातली बादली हिंदकळली आणि निम्मं पाणी तिच्याच सलवारवर. कर्वेनगरच्या त्या बागेत दर रविवारी आसपासच्या सोसायट्यांमधली मंडळी फळझाडं लावायची. ज्यानं लावलं त्यानंच सांभाळायचं, हा गोपाळकृष्ण काकांचा नियम. काका रिटायर्ड मास्तर, त्यामुळे नियम म्हणजे नियम! स्वरालीच्या वाट्याला केसर आंब्याचं कलम आलं होतं. हिंजवडीला दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची, पण डोळ्यांपुढे मात्र त्याची ती हिरवीगार, टवटवीत फांदी. आणि आज एका उंच, सावळ्या मुलानं नेमकी तीच फांदी... कच्च!

"काहून ओरडून राहिल्या?" तो दचकला. "ही जोडाच्या खालून फुटली होती. खालच्या गावठी आंब्याची. वरच्या केसरच्या तोंडचा घास पळवत होती."

"म्हणजे... मी दीड महिना—"

"चुकीच्या फांदीचे लाड केले." तो हसला, आणि एकाच गालाला खळी पडली. एकाच! "मी शंभू. वर्ध्याचा. कलमं फुटेपर्यंत नर्सरीनं मदतीला पाठवलंय."

उरली होती केसरची एक काडी आणि तिला दोन मलूल पानं. स्वरालीचे डोळे भरून आले.

"माझ्या झाडाला परत हात लावायचा नाही! बघायचंसुद्धा नाही!"

"बरं. फूट आली की तुम्हीच सांगा."

पुढच्या रविवारी तो खरंच पाठ करून खड्डे खणत बसला. पेरूचे, सीताफळाचे, सगळे तिच्या झाडापासून चार पावलांवर. इतकी प्रामाणिक पाठ तिनं जन्मात पाहिली नव्हती.

"काडीला विचारा," पाठ बोलली, "अजून राग आहे का?"

"आहे म्हणते."

"थोडा कमी?"

"...थोडा."

त्यानंतरच्या रविवारी तिनं डब्यातला उपमा दिला. त्यानं तोही मान न वळवताच, हात मागे करून घेतला. बोटं बोटांना लागली, आणि दिवसभर तिला उगाचच हसू येत राहिलं.

तिसऱ्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. आणि बघते तर काय, काडीच्या टोकाला तांबूस, चिमुकली, लुसलुशीत पालवी! ती उडीच मारणार होती, पण पाय जागीच थांबले. फूट आली म्हणजे याचं काम संपलं. मग हा इथे कशाला येईल?

तिनं पटकन खताची रिकामी टोपली कलमावर पालथी घातली. शंभू आला आणि नेहमीसारखी पाठ करून खणायला लागला.

"आली?" पाठमोऱ्या शंभूनं विचारलं.

"...नाही."

त्याचं फावडं थांबलं.

"मग ठरलं. नर्सरीवाले कायमची नोकरी देऊन राहिले, आणि बाबा संत्र्याच्या बागेत बोलावतात. उद्या कळवायचंय. मी मनात म्हटलं होतं, तुमचं कलम फुटलं तर पुण्यात राहायचं. नाही तर..." तो हात झटकत उठला. "जातो गावाला."

अगं बाई!

"थांबा! इकडे बघा."

"बघायचं नाही म्हणाल्या होत्या."

"आता बघा म्हणतेय ना!"

तिनं टोपली उचलली. तो गुडघ्यांवर बसला आणि त्या पानांकडे बघतच राहिला. मग तिच्याकडे.

"मग नाही काहून म्हणाल्या?"

"कारण..." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आली म्हटलं असतं, तर पुढच्या रविवारी तुम्ही आला नसतात."

त्याचे कान पानांसारखेच तांबूस झाले.

"येतो," तो हळूच म्हणाला. "पुढच्या रविवारी. त्याच्या पुढच्याही... फळ धरायला चार वर्षं लागतील."

"चारच?"

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. गोपाळकृष्ण काका!

"टोपली सार्वजनिक आहे," ते म्हणाले. "लपवून झालं असेल, तर जागेवर ठेवा."

दोघं एकदमच उठले. टोपली एवढीशी, पण जागेवर नेली ती दोघांनी मिळून.