चार हंगाम, २६२

लीगच्या वरिष्ठांचा फोन तुटक होता.

"लोरेटा, मिल्सबरो संघाचा एमेट रस्क. चार हंगाम, चारही वेळा फलंदाजीची सरासरी तीच, हजार संधींमागे २६२ फटके. सट्टेबाजांशी साटंलोटं दिसतंय. सिद्ध झालं तर बेसबॉल त्याला जन्मभर बंद."

तपास अधिकारी लोरेटा हिंकल दुपारीच मैदानात पोचली. एमेट बॅटच्या मुठीला पट्टी गुंडाळत होता.

"हे जमवलंस कसं?"

"बाई, जमवता आलं असतं तर तीनशे नसती जमवली? तीनशेवाल्यांना वरच्या संघात बोलावतात. मी एकतिशीत अजून दौऱ्यांच्या बसमध्येच झोपतोय."

"इथं राहतोस कुठं?"

"वॉल्टर किम्ब्रोंकडे. आमचे गुणलेखक. पहिल्या वर्षी संघानं तिथं सोय लावली. म्हातारबा सोडतच नाहीत. एकटेच आहेत, रोज बटाटे कुस्करून वाट बघतात."

पाहुण्या संघाचा क्षेत्ररक्षक डारिओ सूर्यफुलाच्या बिया थुंकत हसला. "एमेटनं मारलेला चेंडू आला की इथं माझे हात लोण्याचे होतात म्हणे. कालही चूक माझ्या नावावर. देवालाही अडला नसता तो!"

"दुसऱ्या कुणाचा चेंडू सुटला तर?"

"तो फलंदाजाचा फटका. मी निर्दोष!"

लोरेटानं बाहेरगावच्या सामन्यांचे आकडे तपासले. तिथं एमेटची सरासरी दर वर्षी वेगळी होती, पण तीनशेच्या खाली कधीच नव्हती. घसरण फक्त मिल्सबरोत.

संध्याकाळी ती वॉल्टरच्या स्वयंपाकघरात उभी होती. टेबलावर दोन ताटं. एमेट जेवत होता.

"सट्टेबाजाला एकच सरासरी कशाला हवी?" ती म्हणाली. "आकडा एमेट जमवत नव्हता. चेंडू सुटला, तर तो फटका की क्षेत्ररक्षकाची चूक, हे एकच माणूस ठरवतो, मैदानाचा गुणलेखक. चूक ठरली की फलंदाजाची सरासरी उतरते. २६२ म्हणजे काढून टाकण्याइतकी वाईट नाही, वर बोलावण्याइतकी चांगली नाही. एमेट इथंच अडकून राहावा, असं कुणाला वाटत होतं, मिस्टर किम्ब्रो?"

वॉल्टरच्या हातातला डाव भांड्यावर आपटला.

"किती पोरांना जेवू घातलं मी," तो म्हणाला. "वर गेली की नाताळचं साधं कार्डही नाही."

एमेटनं काटा खाली ठेवला. "माझी खरी सरासरी किती होती?"

"एमेट..."

"किती?"

"पहिल्या वर्षी तीनशे चार. गेल्या वर्षी तीनशे अकरा."

"तुझ्यावरचा ठपका पुसला," लोरेटा म्हणाली. "आकडेही दुरुस्त होतील."

"एकतिशीतल्या माणसाला वर कोण बोलावतं, बाई?"

वॉल्टरचा चेहरा मात्र उजळला. त्यानं बटाट्यांचं भांडं एमेटकडे सरकवलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीही इथंच ना, पोरा?"